न धरता उभे राहणारे मामा

मुंबईत आजवर जेवढी माणसं उभी राहिली, त्यांत माझ्या बायकोच्या मामांइतकं चांगलं कोणीच उभं राहिलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. निवडणुकीला उभे राहणारे मी यात धरत नाही. मी म्हणतो ते साधं, दोन पायांवरचं, कशालाही न टेकता उभं राहणं. आपण सगळेच उभे राहतो आणि त्यात काही विशेष आहे असं आपल्याला कधी वाटत नाही. मामांना वाटत असे. एकतीस वर्षं ते लाल डबलडेकर बसचे कंडक्टर होते. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच, खाली ड्रायव्हर कोणाला तरी शिव्या घालत करकचून ब्रेक मारतोय, आणि वरच्या मजल्यावर मधल्या वाटेत मामा असे उभे, की जणू घरी देवासमोर हात जोडून उभे आहेत. दांडी प्रवाशांसाठी असते, कंडक्टरसाठी नाही, हे त्यांचं पहिलं तत्त्व. एकतीस वर्षांत आपण दांडीला एकदाही हात लावला नाही, असं ते सांगत आणि त्यांच्या बरोबरीचे लोक मान डोलवत. एकदाच लावला होता म्हणे, पण तो दांडीवर चिकटलेलं च्युइंगगम काढण्यासाठी.

बसणं त्यांना मुळातच पसंत नव्हतं. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, क्रिकेटची मॅच तर पाचही दिवस उभ्याने. लालबागच्या त्यांच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सकाळी पाहावं तर मामा एका पायावर उभे, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला लावलेला, आणि समोर पेपर. पान उलटताना पाय बदलायचा. त्यामुळे अग्रलेख नेहमी डाव्या पायावर वाचला जाई आणि खेळाचं पान उजव्या. माणसाची पारख ते कपडे घालण्यावरून करत. खोलीच्या मध्यभागी, भिंतीला न टेकता जो पँट चढवतो तो तरुण, आणि टेकला की त्याचं वय झालं, मग तो बावीस वर्षांचा का असेना. ही कसोटी त्यांनी चाळीतल्या बहुतेक पुरुषांवर कधी ना कधी लावली होती, आणि निकाल जाहीरही केले होते.

त्यांच्या डोक्यात एक पाणसळ बसवलेली आहे असं चाळीचं मत होतं. पाणसळ म्हणजे गवंडी लोकांचं, भिंत-फरशी सपाट आहे का ते बघायचं नळकांडं. मजल्यावर कोणाकडे तसबीर लावायची असली, घड्याळ टांगायचं असलं, गणपतीचं मखर बांधायचं असलं की मामांना बोलावणं जाई. मामा दारात उभे राहत, एक क्षण बघत आणि म्हणत, "डावीकडून एक सूत वर." तसं केलं की झालं. एकदा एका गवंड्याने पैज लावून स्वतःची पाणसळ आणली. पाणसळ आणि मामा यांत फरक पडला, तेव्हा त्याने बिचाऱ्याने दुकानात जाऊन पाणसळ बदलून आणली. नवी पाणसळ मामांच्या बाजूने निघाली.

अशा माणसाच्या घरात मी जावई म्हणून जायचं ठरलं. सायलीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, वडील ती चार वर्षांची असताना गेले, तेव्हापासून ती आणि तिची आई मामांकडेच राहत. मामा-मामींना मूल नव्हतं, त्यामुळे ती मामांची भाची, मुलगी आणि घरातली एकमेव अशी व्यक्ती होती, जिच्या सांगण्यावरून ते क्वचित खाली बसत. आम्ही गिरगावातले. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी झाली, म्हणजे तीन पिढ्या आम्ही बसूनच होतो. मामा पहिल्यांदा आमच्याकडे बोलणी करायला आले तेव्हा वडिलांनी त्यांना 'बसा' म्हटलं. मामा 'असू द्या' म्हणाले आणि उभेच राहिले. पाहुणा उभा असताना यजमानाने बसायचं कसं, म्हणून वडीलही उभे राहिले. मग आई, मग आत्या, मग मी. सव्वा तास आम्ही सगळे कोचाभोवती गोल करून उभे होतो आणि पोहे बशीतून उभ्याने खात होतो. वडिलांच्या गुडघ्यांनी शेवटी शरणागती पत्करली आणि त्यांनी सगळ्याच अटींना एकदम होकार दिला. आईचं अजूनही म्हणणं आहे, की ती मामांची युक्ती होती.

माझी परीक्षा मात्र पुढच्या रविवारी झाली. मामांनी मला भायखळ्याला बोलावलं आणि लालबागच्या बसमध्ये चढवलं. ते तोवर निवृत्त झाले होते, तरी त्यांना पाहिल्यावर कंडक्टर अदबीने बाजूला झाला. "जावईबापू, दांडी सोडा," मामा म्हणाले, आणि स्वतः माझ्यासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. मी पाय फाकवले, दात आवळले. चिंचपोकळीच्या आसपास बस वळली आणि मी सरळ एका बाईंच्या भाजीच्या गाठोड्यावर आडवा झालो. त्या बाई म्हणाल्या, "मेथी चेपली रे बाबा." मी मान खाली घालून उतरलो, लग्न मोडलं असं समजून. पण संध्याकाळी सायलीचा फोन आला, की मामांना मुलगा पसंत आहे. पडताना त्याने दुसऱ्या कोणाला धरलं नाही, एकटा पडला, एवढ्या मुद्द्यावर मी पास झालो होतो. गिरगावच्या मुलाकडून त्याहून जास्त अपेक्षा त्यांनी ठेवलीच नव्हती.

साखरपुडा झाला, दादरला हॉल ठरला, लग्नाला साडेतीन महिने उरले, आणि एका सकाळी मामा कॉटवरून उठायला गेले ते पाय जमिनीला लागताच कपाटाच्या आणि कॉटच्या मधल्या फटीत कोसळले. सगळं घर गरगरा फिरत होतं. मामी धावत आल्या तेव्हा मामांनी जमिनीवरूनच विचारलं, "चाळ पडली काय गो?" आपण पडलो ही शक्यता त्यांच्या मनात आलीच नाही. त्या चाळीचं वय पाहता प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून मामींनीही आधी वर छताकडे पाहिलं.

हॉस्पिटलमध्ये चार दिवस तपासण्या झाल्या. मेंदूत काही नाही हे कळल्यावर आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानाकडून मेंदूकडे जाणारी तोलाची नस सुजली आहे. मामांनी त्यांना शांतपणे सांगितलं, की कान उत्तम आहेत, शेजारच्या वॉर्डातलं बोलणंसुद्धा ऐकू येतंय. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, की ऐकणं हे कानाचं अर्धंच काम. आत एक दुसरं यंत्र असतं, ते डोकं कुठे कललं, कुठे वळलं याची खबर मेंदूला देत राहतं. मामांना हा मोठाच धक्का होता. एकतीस वर्षं ते सगळं श्रेय पायांना देत आले होते आणि दर रात्री पायांना खोबरेल तेल चोळत होते. कानांना त्यांनी कधी तेलाचा थेंबही दिला नव्हता.

गरगरणं आठवड्याभरात कमी झालं, पण तोल गेला तो गेलाच. मामा भिंत धरून चालू लागले. त्यांचा हात भिंतीवर आहे हे बघवत नसे. त्यात एक विचित्र प्रकार झाला. एके दिवशी सकाळी मामा भिंतीच्या आधाराने मजल्यावर फिरले आणि घराघरांतल्या तसबिरी सरळ करत गेले. मामांचा हात लागला म्हणजे ती तसबीर सरळच, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. कोणी शब्द काढला नाही. पण दुपारपर्यंत त्या मजल्यावरचे सगळे देव, सगळे आजोबा-पणजोबा आणि एक डोंगर-झोपडीचं कॅलेंडर उजवीकडे कललेले होते. मामा समोरून जात तेव्हा लोक आपली मानही थोडी उजवीकडे करून त्यांच्याशी बोलत, म्हातारा दुखावला जाऊ नये म्हणून.

शेवटी बोलायचं सायलीच्या वाट्याला आलं. मी त्या दिवशी तिथे होतो. ती म्हणाली, "मामा, दत्ताची तसबीर वाकडी आहे." मामांनी तसबिरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "माका ती सरळच दिसता गो बाय. म्हणजे वाकडो मीच." आणि ते खुर्चीत बसले. कोणी न सांगता, भर दिवसा बसलेले मामा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. सायली स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि तसबिरींना त्यानंतर कोणी हात लावला नाही. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी उगाच उभा राहिलो.

आता प्रश्न लग्नाचा होता. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे तिचा मामा उभा राहतो, हा आपल्याकडचा रिवाज आहे. एरवी या कामाला काहीच अंगची हुशारी लागत नाही. माझे स्वतःचे मामा माझ्यामागे जांभया देत उभे होते. पण सायलीला वडील नव्हते, आणि चार वर्षांची असल्यापासून 'तुझ्या लग्नात मी तुझ्यामागे असा उभा राहीन' म्हणून मामा तिला उभं राहून दाखवत आले होते. नातेवाइकांची बैठक बसली. वडाळ्याचे एक चुलतमामा फार दिवसांपासून कुठल्याही कामासाठी तयार होते, त्यांनी आपलं नाव सुचवलं आणि जाकीटही शिवायला टाकल्याचं सांगितलं. दुसऱ्या कोणी सुचवलं, की मामांना मागे खुर्ची द्यावी, मखमलीची देऊ. मामा भिंत धरून उठले. ते म्हणाले, "मामा पाठीशी उभो रवता. बसता तो पावणो." बैठक तिथेच संपली, पण वडाळ्याच्या मामांनी जाकिटाची ऑर्डर रद्द केली नाही.

हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपीच्या मॅडम वयाने सायलीएवढ्याच होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मामांना सगळं समजावून सांगितलं, आणि मामांनी ते चाळीत येऊन आपल्या भाषेत सांगितलं. मेंदू म्हणजे डेपो मॅनेजर. तो एका बंद केबिनमध्ये बसलेला, त्याला बाहेरचं काही दिसत नाही. त्याला रिपोर्ट देणारी तीन माणसं आहेत. डोळे सांगतात काय दिसतंय, कान सांगतो डोकं कुठे वळतंय, आणि तळपाय सांगतात खाली जमीन कशी आहे. तिघांचे रिपोर्ट जुळले की मॅनेजर सह्या करतो आणि माणूस उभा राहतो. आता यातला उजव्या कानाचा माणूस आजारी पडून भलतंच सांगायला लागला. गाडी थांब्यावर उभी, आणि हा म्हणतो वळतेय. मॅनेजर गोंधळला. यावर उपाय एकच, मॅनेजरला शिकवायचं, की बाबा रे, या माणसाचं किती ऐकायचं आणि किती सोडून द्यायचं. पण गाडी डेपोत उभी ठेवली तर तो शिकणार कधी? म्हणून चक्कर आली तरी हलायचं. "एवढी वर्षं मी त्याची नोकरी केली," मामा म्हणाले, "आता त्याला मी ट्रेनिंग देणार."

मग जे काही सुरू झालं ते त्या चाळीने पूर्वी पाहिलं नव्हतं. पहिला व्यायाम असा, की भिंतीवर एक अक्षर लावायचं, त्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवीकडे हलवत राहायची. मामांनी अक्षराऐवजी जपून ठेवलेलं एक जुनं तिकीट डकवलं आणि मान हलवत त्याच्यावरचे आकडे वाचू लागले. नेमके त्याच वेळी शेजारचे गृहस्थ सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला दारात आले. त्यांनी विचारलं, येणार ना? मामा मान हलवतायत. प्रसादाला तरी या. मामा हलवतायत. मुलाच्या नोकरीची पूजा आहे हो, ते काकुळतीला आले. मामा हलवतच होते, कारण मिनिट पूर्ण व्हायचं होतं. ते गृहस्थ त्यानंतर पंधरा दिवस आमच्या मामांशी बोलले नाहीत. मामी स्वतः जाऊन प्रसाद घेऊन आल्या तेव्हा कुठे मिटलं.

खरी पंचाईत डोळे मिटण्याची होती. मामांनी डोळे उघडे ठेवून महिन्याभरात उभं राहणं जमवलं, पण डोळे मिटले, की डेपोतल्या एका चांगल्या माणसाने रजा टाकल्यासारखं होई आणि ते उजवीकडे झुकत. आणि लग्नात डोळे मिटावेच लागतात. दर मंगलाष्टकाच्या शेवटी 'सावधान' झालं, की चहूकडून अक्षता येतात, आणि तांदूळ तोंडावर आल्यावर डोळे मिटत नाहीत असा माणूस जन्माला यायचाय. हा धोका मॅडमच्या पुस्तकात नव्हता. तो मामींनी ओळखला. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत रोज संध्याकाळी साडेसहाला सराव सुरू झाला. मामा मध्यभागी अनवाणी उभे, दोन बाजूंना दोन धट्टीकट्टी माणसं हात पसरून, मामी मंगलाष्टक म्हणणार, आणि सावधान झालं की सगळा मजला मामांच्या तोंडावर तांदूळ फेकणार. मामी रोज तेच तांदूळ झाडून, पाखडून डब्यात भरत. चाळीच्या कबुतरांना वेळ पाठ झाली होती, ती सव्वासहालाच कठड्यावर येऊन बसत. त्या सत्यनारायणवाल्या शेजाऱ्यांच्या फेकण्यात सुरुवातीला जरा जास्तच जोर होता.

पहिल्या आठवड्यात पहिल्याच 'सावधान'ला मामा आडवे होत. मग दुसऱ्याला. मग चौथ्यापर्यंत गेले. इकडे आमच्या गिरगावात वेगळंच संकट शिजत होतं. माझी आत्या दर लग्नात स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणते, घराण्यातल्या झाडून सगळ्यांची नावं गुंफून. माझ्यासाठी तिने पाच केली होती. सायलीने मला गळ घातली, की दोन तरी कमी करायला सांग. मी आत्याकडे जाऊन जेवढं गोड बोलता येईल तेवढं बोललो. आत्याला वाटलं, आपल्या कवितेत माझ्या मामाचं नाव राहिलं म्हणून मी नाराज आहे, आणि तिने सहावं रचलं. मी हे लालबागला कळवलं तेव्हा मामा फक्त म्हणाले, "भटजींची पाच, तुमची सहा. अकरा स्टॉप." आणि त्या दिवसापासून सराव अकराचा झाला.

मॅडमच्या दोन गोष्टी मात्र मामांनी ऐकल्या नाहीत. एक म्हणजे उशीवर उभं राहून सराव करायचा. मऊ जागेवर तळपायांचा रिपोर्ट पुसट होतो, त्याचीही सवय हवी, असं त्या म्हणत. मामांचं उत्तर तयार होतं. उशीवर पाय देत नाहीत, आणि बसमध्ये गाद्या सीटवर असतात, फरशीवर नाही. दुसरी गोष्ट बोटाची. मॅडम म्हणाल्या, "काका, अगदी वाटलं तर भिंतीला एक बोट लावा. टेकायचं नाही, भार द्यायचा नाही, नुसतं लावायचं. तेवढ्या खबरीवर मेंदू पुष्कळ सावरतो." मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते एरवी विनातिकीट प्रवाशाकडे पाहत. बोट लावणं म्हणजे धरणंच, हे त्यांनी मला बाहेर आल्यावर दोनदा सांगितलं.

लग्नाला दहा दिवस उरले असताना सकाळी सात वाजता चाळीत आरडाओरडा झाला. मामा गॅलरीत उभे होते, भिंत सोडून, आणि संतापले होते. "देव वाकडे कोणी केल्यान?" आपणच हात लावला होता ते विसरून ते विचारत होते. दत्त कललेला, शंकर कललेला, शेजारच्यांचे पणजोबा तर पडायला आलेले. माणसं आहात का कोण, असं म्हणत ते घराघरांत शिरले आणि एकेक तसबीर सरळ करत सुटले. लोक दात घासता घासता दारात आले होते आणि कोणीही, अगदी लहान पोरांनीही, ते कोणाचं काम होतं हे सांगितलं नाही. मामींनी त्या दिवशी मजल्यावर सगळ्यांना शिरा वाटला. विचारणाऱ्यांना त्या एवढंच सांगत, की आज आमचे देव उभे राहिले.

लग्नाच्या दिवशी मामा पांढरं धोतर, काळा कोट आणि पांढरी टोपी घालून दादरच्या हॉलवर आले. सगळा मजला बरोबर होता. मुहूर्ताला पाचेक मिनिटं असताना ते स्टेजवर चढले, आणि मी त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. त्यांनी अनवाणी पायाने खाली दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. डेकोरेटरने हौसेने फळ्यांवर जाड स्पंज आणि स्पंजवर गालिचा घातला होता. पाऊल बोटभर आत जात होतं. कान आजारी, डोळे अक्षतांनी मिटणार, आणि आता पायही गेले. डेपो मॅनेजर केबिनमध्ये अगदी एकटा पडला होता. वडाळ्याचे मामा नव्या जाकिटात पायरीशी उभे होते, त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मी येऊ का?" मामांनी नेहमीच्या सवयीने त्यांना हाताने मागे सारलं आणि म्हणाले, "फुल आहे. मागची बस घ्या."

अंतरपाट धरला गेला. पलीकडे सायली होती, पण मला ती दिसत नव्हती. मला दिसत होती अंतरपाटाच्या वर मामांची पांढरी टोपी. मी खरं सांगतो, माझ्या लग्नाच्या मंगलाष्टकांत मी नवरीचा क्षणभरही विचार केला नाही. मी ती टोपी बघत होतो. पहिलं 'सावधान' झालं, अक्षता आल्या, टोपी डावीकडे गेली, परत आली. दुसऱ्याला उजवीकडे गेली, परत आली. तिसऱ्याला उजवीकडे गेली आणि तिथेच राहिली. हॉलच्या डाव्या अर्ध्या भागात लालबागची सगळी चाळ बसलेली होती, ती एकाच वेळी उभी राहिली. आमच्या बाजूच्या लोकांना वाटलं, हा त्यांच्याकडचा रिवाज असेल, म्हणून तेही उभे राहिले. टोपी एका बाजूला कललेली होती आणि मी मनात म्हणत होतो, मामा, डावीकडे एक सूत.

आणि टोपी सरळ झाली. कशी ते मला तेव्हा कळलं नाही. चौथ्याला थोडी हलली, पाचव्याला त्याहून कमी. भटजी थांबले आणि आत्याने माइक घेतला. तिने सुरुवात माझ्या पणजोबांपासून केली. सहावं, सातवं, आठवं. चाळीतले लोक आता अक्षता टाकायचं विसरून बोटं मोजत होते. नवव्याला टोपी हललीच नाही. दहाव्याला आत्या एक ओळ विसरली, थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. तेवढ्या वेळात मी जे काही देव आठवले त्यांत सरळ-वाकडे सगळे आले. अकरावं संपलं, अंतरपाट दूर झाला, आणि मामा सायलीच्या मागे ताठ उभे होते, हाताला ना खुर्ची ना माणूस, टोपीवर आणि खांद्यांवर तांदूळच तांदूळ. सनई सुरू व्हायच्या आत लालबागच्या बाजूने जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो आमच्या नातेवाइकांनी वधूवरांसाठी समजून घेतला. सत्यनारायणवाले शेजारी तर रडत होते. मामांनी सगळा हॉल एकदा नजरेखालून घातला, दोन बोटांनी हवेतली घंटा दोनदा ओढली आणि म्हणाले, "चला, जाऊ द्या."

त्या दिवशी ते जेवायलाही बसले नाहीत. पंगतीत उभ्याने वाढत फिरले, प्रत्येकाने त्यांचं कौतुक केलं, आणि प्रत्येकाला त्यांनी स्पंजबद्दल पुन्हा सांगितलं. मॅडम आल्या होत्या, त्यांना त्यांनी वाकून नमस्कार केला. वाकताना कशाला धरलं नाही, हे मॅडमनी बघावं म्हणून तो दोनदा केला.

लग्नाला आता सहा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी फोटोंचा अल्बम आला तेव्हा त्यात एक फोटो स्टेजच्या मागून काढलेला होता. मामांची पाठ, सायलीची पाठ, आणि मध्ये, नीट पाहिलं तर दिसेल असं, मामांचं एक बोट. सायलीच्या शालूच्या खांद्यावरच्या काठाला नुसतं लागलेलं. मी मामांना एकटं गाठून तो फोटो दाखवला. त्यांनी फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "भार नव्हता दिला, जावईबापू. नुसतं विचारत होतो, आपण खंय आसो." आणि मग, इकडेतिकडे बघून, "बायला सांगू नका." काही महिन्यांनी तोच फोटो सायलीच्या हाती आला. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, तिसऱ्या मंगलाष्टकाला तिला वडिलांची आठवण आली आणि तिचे पाय इतके थरथरायला लागले, की आता पडणार असं वाटलं. तेवढ्यात मामांनी खांद्याला बोट लावलं आणि थरथर थांबली. त्यांना मागूनच कसं कळलं असेल रे, तिने विचारलं. आणि म्हणाली, त्यांना काही बोलू नकोस, लाजतील.

मी दोघांनाही शब्द दिलाय आणि तो पाळतो. घरात अजून लग्नाचा विषय निघाला, की मामा कशालाही न धरता अकरा अष्टकं उभे होते, असं सांगितलं जातं. मामा तेव्हा माझ्याकडे न बघता छताकडे बघतात, सायली मामांकडे बघून हसते, आणि मी जोरजोरात मान डोलावतो.

मामा आता बहात्तर वर्षांचे आहेत. डबलडेकर पूर्वीच्या राहिल्या नाहीत, नव्या आवाज न करता येतात आणि मामांना त्या फसव्या वाटतात. तरीही रविवारी आम्ही दोघं लालबागला मोठा रस्ता ओलांडून बस बघायला जातो. वाहनं जोरात येत असतात, डोकं दोन्हीकडे वळवावं लागतं, आणि अशा वेळी माझ्या शर्टाच्या बाहीला काहीतरी हलकंच लागतं. भार असा काहीच नसतो. मी तिकडे बघत नाही. मी फक्त जरा हळू चालतो, आणि तसं चालताना माझेही पाय नीट पडतात.